रहस्यकथेचा मुलूख

खून कोणीं केला, या प्रश्नाचें उत्तर रहस्यकथेंत शेवटच्या पानावर मिळतें. खून कोठें झाला, याचें उत्तर मात्र पहिल्याच पानावर दिलेलें असतें. आणि तें असें उघड दिलेलें असल्यामुळेंच कीं काय, वाचकाचें लक्ष त्याकडे सहसा जात नाहीं. घर, गल्ली, गांव, माळ, डोंगर हीं सर्व नाटकांतील पडद्याप्रमाणें मागें टांगलेलीं आहेत आणि पात्रें त्यापुढें आपापलीं कामें करीत आहेत, अशी आपली समजूत असते. आज मला जें सांगावयाचें आहे तें हें कीं, हा नुसता पडदा नव्हे. रहस्यकथेंतील गुन्हेगार कसा वागतो, साक्षीदाराला काय दिसतें आणि शोध करणारा कशाच्या आधारें शोध लावतो, हें पुष्कळ अंशीं त्या स्थळानेंच ठरविलेलें असतें. त्याबरोबरच स्थळानें काय ठरत नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. कारण या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडल्यामुळें केवळ कादंबऱ्या बिघडल्या असें नाहीं, तर हाडामांसाच्या माणसांवरही मोठा अन्याय झालेला आहे.

या वाङ्मयप्रकाराचा आरंभ सामान्यतः १८४१ सालापासून धरतात. त्या वर्षीं एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची, रू मॉर्ग या रस्त्यावरील खुनांची गोष्ट फिलाडेल्फिया येथील एका मासिकांत प्रसिद्ध झाली. गोष्ट घडते पॅरिसमध्यें. पोनें पॅरिस कधीं पाहिलें नव्हतें, आणि रू मॉर्ग नांवाचा रस्ताही त्या शहरांत नव्हता. तरी पण गोष्टीचा सारा डाव मोठ्या शहरावांचून मांडतां आला नसता, हें तिच्यांतील साक्षींवरून दिसतें. बंद खोलींत दोन स्त्रियांचा खून होतो. धांवून आलेल्या लोकांना आंतून एक विलक्षण कर्कश आवाज ऐकूं येतो. या लोकांत फ्रेंच आहेत, इंग्रज आहे, डच, स्पॅनिश, इटालियन आहेत. प्रत्येक जण सांगतो कीं, तो आवाज परक्या भाषेंतला होता. आणि जी भाषा स्वतःस येत नाहीं, नेमकी तीच ती भाषा होती, असें प्रत्येकाचें म्हणणें पडतें! अशी जबानी खेड्यांत मिळावयाची नाहीं. परस्परांना न ओळखणारीं, परस्परांची बोली न समजणारीं माणसें जेथें एका जिन्यावर गोळा होतात, तेथेंच ती मिळावयाची. द्युपँ हा पोचा शोधक याच जिन्यावर जन्माला आला. शेजारी जें ऐकतात पण समजत नाहींत, तें समजून घेणें हा त्याचा धर्म.

पुढल्याच वर्षीं पोनें उलट प्रयोग केला. १८४१ सालीं न्यूयॉर्कमध्यें मेरी रॉजर्स या तरुणीचें प्रेत हडसन नदींत सांपडलें होतें आणि वर्तमानपत्रांत त्यावर मोठें काहूर उठलें होतें. पोनें हीच हकीकत उचलून पॅरिसला नेली. हडसनची सेन नदी झाली आणि मेरी रॉजर्सची मारी रोजे झाली. परंतु या दुसऱ्या गोष्टींत वर्तमानपत्रांतल्या उताऱ्यांची छाननी तेवढी उरली आहे. पात्रें कांहीं उभीं राहिलीं नाहींत. पहिल्या गोष्टींतलें पॅरिस काल्पनिक असूनही कथेच्या कामाचें होतें. दुसऱ्या गोष्टींतलें पॅरिस हें केवळ नांवांचें भाषांतर होतें. स्थळ खरें कीं खोटें यापेक्षां तें कथेंत राबतें कीं नाहीं, हा प्रश्न महत्त्वाचा, एवढें यावरून ध्यानांत येईल.

पोनें जें बीं पेरलें त्याचा वृक्ष झाला लंडनमध्यें. १८०१ च्या खानेसुमारींत लंडनची वस्ती सुमारें दहा लाख होती. १९०१ सालीं उपनगरें धरून ती सुमारें पासष्ट लाखांवर गेली. एका शतकांत एवढीं माणसें एके ठिकाणीं आलीं म्हणजे ओळखपाळख ही वस्तुच दुर्मिळ होते. गांवांत माणूस अमक्याचा मुलगा, तमक्याचा जांवई म्हणून ओळखला जातो. लंडनमध्यें तो ओळखला जावयाचा तो बोटांवरल्या डागांवरून, बाहीच्या झिजेवरून, बुटाला लागलेल्या चिखलावरून. आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स या गरजेंतून निर्माण झाला आहे. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरींत डॉ. वॉटसन आपल्या या नव्या मित्राच्या ज्ञानाची यादी करून पाहतो. तींत खगोलशास्त्राच्या नांवानें पूज्य आहे. परंतु पायजम्यावर उडालेल्या शिंतोड्यांचा रंग आणि चिकटपणा पाहून ती माती लंडनच्या कोणत्या भागांतली हें होम्स सांगूं शकतो! पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते कीं काय याची ज्याला फिकीर नाहीं, त्याला एका शहराच्या चिखलाचे प्रकार तोंडपाठ असावेत, यांत विक्षिप्तपणा दिसतो खरा. पण तो विक्षिप्तपणा त्या शहराच्या मापानें बेतलेला आहे.

मौज अशी कीं, हें लिहिलें त्या वेळीं डॉइल स्वतः लंडनकर नव्हते. एडिंबरो येथें जन्मलेले आणि पोर्टस्मथजवळ साउथसी येथें डॉक्टरी करणारे हे गृहस्थ लंडनचे रस्ते बरेचसे नकाशावरून वसवीत होते. ज्या बेकर स्ट्रीटवर त्यांनीं होम्सला बिऱ्हाड करून दिलें, त्या रस्त्यावर २२१ हा क्रमांकच त्या काळीं नव्हता. असें असूनही त्यांचें लंडन साऱ्या जगाला खरें वाटलें. रस्ते नकाशावरून उतरविले तरी, अनोळखी माणसाच्या अंगावरून त्याचा इतिहास वाचण्याची विद्या त्यांनीं नकाशावरून घेतली नव्हती. एडिंबरोच्या वैद्यकीय विद्यालयांतील त्यांचे गुरु डॉ. जोसेफ बेल हे रोग्याकडे नुसतें पाहून त्याचा धंदा आणि मुलूख ओळखीत असत. ती दवाखान्यांतली दृष्टि डॉइल यांनीं रस्त्यावर आणली.

आतां याच होम्सला लंडनबाहेर काढलें म्हणजे काय होतें तें पाहण्यासारखें आहे. १८९२ सालच्या एका कथेंत तो आणि वॉटसन आगगाडींतून हॅम्पशायरच्या खेड्यापाड्यांतून चालले आहेत. वॉटसनला हिरवीगार शेतें आणि तांबड्या छपरांचीं घरें पाहून आनंद होतो. होम्सला मात्र तीं सुटीं सुटीं घरें पाहून धडकी भरते. शहराच्या अतिशय घाणेरड्या गल्लींतही मार खाणाऱ्या पोराचा आक्रोश शेजाऱ्याच्या कानीं जातो; येथें एकेका शेतावरच्या घरांत वर्षानुवर्षें काय चाललें असेल तें कोण ऐकणार, हा त्याचा प्रश्न आहे. एकच देखावा, पण वॉटसनचा स्वभाव वेगळा आणि होम्सचा वेगळा, हें त्या देखाव्यानेंच उघडें केलें.

यापुढची पायरी म्हणजे १९०१-०२ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेली बास्करव्हिल घराण्याच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी. ती घडते डार्टमूर या पठारावर. मैलोगणती ओसाड माळ, मधूनच ग्रॅनाइटचे सुळके, पाय ठेवतांच गिळून टाकणारी दलदल, इतिहासपूर्व काळांतील माणसांच्या दगडी झोपड्यांचे अवशेष, आणि जवळच प्रिन्सटाउनचा प्रसिद्ध तुरुंग. एवढी सामग्री एका ठिकाणीं असतां लेखकानें भूत शोधायला दूर कशाला जावें? परंतु विशेष पाहण्यासारखें आहे तें होम्सचें. कादंबरीच्या मधल्या मोठ्या भागांत तो दिसतच नाहीं. साधा, सरळ वॉटसन त्या वाड्यांत राहतो, लोकांशीं बोलतो, भितो, चुकतो, आणि लंडनला पत्रें धाडतो. होम्स पुन्हां भेटतो तेव्हां तो त्याच माळावरल्या एका दगडी झोपडींत लपून राहिलेला असतो. लंडनच्या गर्दींत जो वेष पालटून लपतो, त्याला माळावर दगडांत लपावें लागतें. धुकें पसरूं लागतांच त्याचा बेत फसण्याची वेळ येते. शहरांत जो सर्वज्ञ, तो माळावर हवेच्या लहरीचा ताबेदार होतो. डॉइलनीं होम्सचा स्वभाव बदलला नाहीं. जागा बदलली, आणि स्वभावाची दुसरी बाजू आपोआप पुढें आली.

लंडनचा शोधक अनोळखी माणसांना वाचतो. खेड्यांतल्या शोधकाला ही विद्या निरुपयोगी, कारण तेथें अनोळखी कोणीच नसतें. ॲगाथा ख्रिस्ती यांनीं १९३० सालच्या आपल्या कादंबरींत सेंट मेरी मीड या कल्पित खेड्यांतल्या मिस मार्पल या म्हाताऱ्या कुमारिकेला पुढें आणलें, तें ही अडचण ओळखूनच. बाई विणकाम करीत बसते, बागेंतून रस्त्यावर कोण आलें गेलें तें पाहते, आणि खुनासारख्या भयंकर प्रकरणींही तिला गांवांतल्या एखाद्या क्षुल्लक लबाडीची आठवण होते. अमका गृहस्थ तिला कोण्या दुकानदाराच्या पोरासारखा वाटतो, तमकी बाई कोण्या मोलकरणीसारखी. आपल्याकडील वाड्यांतली एखादी आत्याबाई डोळ्यासमोर आणा. कोणाच्या घरीं कोणता तंटा कोणत्या सालीं झाला, हें जिच्या जिभेवर असतें अशी. तिच्या या स्मरणशक्तीला आपण भोंचकपणा म्हणतों. ख्रिस्तीबाईंनीं तिलाच प्रज्ञा मानलें. होम्सचें ज्ञान मातीचें, मार्पलचें ज्ञान नात्यांचें. आणि हा भेद त्यांच्या बुद्धींतला नसून त्यांच्या गांवांतला आहे.

जेथें गर्दी नाहीं आणि शेजारही नाहीं अशा मुलखांत काय होईल? याचें उत्तर ऑस्ट्रेलियांत मिळतें. आर्थर अपफील्ड हा इंग्रज तरुण १९११ सालीं तिकडे गेला आणि मेंढपाळांच्या मुलखांत मिळेल तें काम करीत हिंडला. पश्चिम ऑस्ट्रेलियांत सशांचा उपद्रव थांबविण्यासाठीं सरकारनें तारेचें प्रचंड कुंपण घातलें होतें. १९०७ सालीं पुरें झालेल्या त्याच्या मुख्य रांगेची लांबी ११०० मैलांहून अधिक होती. त्या कुंपणाची देखरेख करणाऱ्यांत पुढें अपफील्ड होता. उंटांची गाडी, तारेची दुरुस्ती आणि कित्येक दिवस माणसाचें दर्शन नाहीं, असें तें जिणें. १९२९ सालीं त्यानें नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ ‘बोनी’ हा शोधक वाङ्मयांत आणला. आई आदिवासी आणि बाप गोरा असलेला हा पोलीस अधिकारी जमीन वाचतो. उलटलेला खडा, मुंग्यांची बदललेली वाट, पक्ष्यांचें अकारण उडणें हीं त्याचीं अक्षरें. त्याचा मोठा गुण म्हणजे धीर. वरिष्ठांच्या परत येण्याच्या तारा येत राहतात. हा आपला महिना महिना एका माळावर बसून आहे! हा धीर आणि ही बेपर्वाई त्याच्या स्वभावांत कोठून आली? वाळवंट आपलें गुपित घाईनें सांगत नाहीं, म्हणून. माग काढण्याची ही विद्या आपल्यालाही परकी नाहीं. पेशवाईच्या मुलखांतले रामोशी आणि इतर जागले चोराच्या पावलांचा माग आपल्या शिवेपर्यंत नेत आणि पुढच्या गांवच्या जागल्याच्या हवालीं करीत, असें एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालच्या अहवालांत नमूद केलें आहे.

अपफील्डच्या आयुष्यांत मात्र याच मुलखानें एक भयंकर प्रसंग आणला. अशा निर्जन प्रदेशांत प्रेताचा मागमूस न ठेवतां तें नाहींसें कसें करतां येईल, असा प्रश्न त्याला नव्या कादंबरीसाठीं पडला होता. त्यानें तो आपल्या सोबत्यांपुढें टाकला. एकानें युक्ति सुचविली, आणि तिच्यावर त्यांच्यांत मोकळेपणीं चर्चा झाली. ऐकणाऱ्यांत स्नोवी रोल्स नांवाचा एक गुराखी होता. पुढें त्या भागांतून तीन माणसें बेपत्ता झालीं. कादंबरी १९३१ सालीं छापून निघाली; १९३२ सालीं रोल्सवर पर्थ येथें खटला चालला आणि स्वतः अपफील्डला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहावें लागलें. राखेंत सांपडलेली एक लग्नाची अंगठी निर्णायक ठरली. तिचा सांधा चुकून हलक्या कसाच्या सोन्यानें जोडला गेला होता, आणि त्या सांध्यावरून ती बेपत्ता माणसाचीच हें सिद्ध झालें. रोल्सला फांशी झाली.

या हकीकतीचा अर्थ काय करावयाचा? युक्ति त्या मुलखानें दिली, हें खरें. लंडनच्या गल्लींत ती चालली नसती. परंतु त्याच चर्चेला इतरही माणसें बसलीं होतीं. तोच माळ, तेंच एकाकीपण, तेंच ज्ञान त्यांच्याही वांट्याला आलें होतें, आणि त्यांनीं कोणाचा केंसही वांकडा केला नाहीं. मुलूख माणसाला विद्या देतो, संधि देतो, भीति देतो. पाप देत नाहीं. तें ज्याचें त्याला करावें लागतें. स्थळ आणि स्वभाव यांचा संबंध सांगतांना ही रेघ पुसली गेली कीं, लेखणीकडून अन्याय होऊं लागतो.

आणि ती थोरामोठ्यांकडूनही पुसली गेली आहे. १८९० सालच्या होम्सच्या दुसऱ्या कादंबरींत टोंगा नांवाचा एक अंदमानी येतो. बुटका, विक्राळ, नरभक्षक आणि फुंकणीनें विषारी कांटे मारणारा. होम्स एका भूगोलकोशांतून अंदमानी लोकांचें वर्णन मोठ्यानें वाचून दाखवितो, कीं झाला निकाल. वस्तुतः अंदमानी लोकांचें हत्यार म्हणजे धनुष्यबाण. फुंकणी त्यांची नव्हे, आणि नरभक्षणाची गोष्टही पुराव्याला टिकणारी नव्हे. ज्या लेखकाला लंडनच्या मातीचे दहा रंग माहीत, त्याला अंदमानच्या माणसाचा एकच रंग माहीत होता. अपफील्डचा बोनी हा टोंगापेक्षां कितीतरी श्रेष्ठ माणूस आहे. तथापि त्याच्या विद्येचें श्रेय त्याच्या शिक्षणाला देण्याऐवजीं लेखक वारंवार त्याच्या रक्ताला देतो. जमिनीवर राहून, वडीलधाऱ्यांपासून शिकून मिळविलेली विद्या रक्तांतून आली म्हटलें कीं, मग गुन्हाही रक्तांतून आला असें म्हणावयाला फारसा वेळ लागत नाहीं.

हें आपल्या देशांत प्रत्यक्ष घडलें. कर्नल मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं अमीर अल्ली या ठगाच्या तोंडीं घातलेली एक मोठी कादंबरी प्रसिद्ध केली. टेलर हे निजामाच्या चाकरींतले. पुढें नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांनीं पाहिला आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. ठगांविषयींच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत ते हिंगोलीची हकीकत सांगतात. तेथें हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलर यांचा त्याच्याशीं नेहमींचा व्यवहार असे; आणि तो ठग निघाला. त्या काळचा रस्ता डोळ्यांपुढें आणला म्हणजे हें कसें साधत असे तें कळतें. प्रवासी महिनेच्या महिने घराबाहेर. पत्र नाहीं, खबर नाहीं. चोरांच्या भीतीनें जो तो सोबत शोधणारा. अशा रस्त्यावर खुनी माणूस उग्र असून चालत नाहीं. तो गोड बोलणारा, अदबशीर, विश्वास वाटेल असाच असावा लागतो. अमीर अल्लीचें सारें आर्जव रस्त्यानें घडविलेलें आहे. कादंबरीचें हें मोठें यश.

पण कायद्यानें निराळाच धडा घेतला. १८३६ च्या ठगीच्या कायद्यानें, अमुक माणूस ठगांच्या टोळींतला होता एवढें शाबीत झालें तरी जन्मठेप देतां येई. विशिष्ट खून त्यानेंच केला हें दाखविण्याची गरज नव्हती. १८७१ सालीं त्याही पुढें जाऊन गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जमातीच्या जमाती जन्मानेंच संशयित ठरल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणांतल्या वसाहती सुरू झाल्या. सोलापुरांतली ‘सेटलमेंट’ ही त्यांतलीच एक. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला; मनांतला मात्र इतक्या लवकर रद्द होत नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तें वाचतांना रहस्यकथेच्या वाचकानें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. आजवर गुन्ह्याच्या कथेंत जो केवळ संशयित म्हणून येत होता, तो येथें स्वतः सांगणारा झाला आहे; आणि त्याच्या तोंडून भूक, पोलिसांची मारहाण आणि शाळेची धडपड ऐकूं आली म्हणजे जन्मजात गुन्हेगार ही कल्पना आपोआप गळून पडते.

या दृष्टीनें बंगाली वाङ्मयांतला ब्योमकेश बक्षी मला फार मोलाचा वाटतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीं १९३२ सालीं त्याला जन्म दिला. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द आवडत नाहीं. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो. त्याची आणि त्याचा मित्र अजित याची भेट होते कलकत्त्याच्या एका मेसमध्यें. मेस म्हणजे आपल्या गिरगांवांतल्या खाणावळी आणि खोल्या यांचें मिश्रण. नोकरीसाठीं आलेल्या एकट्या पुरुषांचें जेवण आणि निजणें एका छपराखालीं. शेजारच्या वस्तींत खून पडताहेत, कोकेनचा चोरटा व्यापार चालला आहे. वाचक साहजिकच गल्लीच्या अंधाराकडे पाहूं लागतो. आणि उत्तर निघतें त्याच घरांतून, साऱ्यांना पुड्या देणाऱ्या सौजन्यमूर्ति होमिओपॅथ डॉक्टरांकडून! संशय परक्या मुलखावर ढकलण्याची सोय येथें ठेवलेलीच नाहीं. ब्योमकेशही त्या शहराचा सामान्य मध्यमवर्गीय; धोतर नेसणारा, पुढें लग्न करून संसार थाटणारा, पत्नीशीं थट्टामस्करी करणारा. परदेशी शोधकांना जें एकाकीपण भूषणावह, तें बंगाली घरांत शोभलें नसतें, हें लेखकानें नेमकें जाणलें.

या शरदिंदुबाबूंचा आपल्याशीं जवळचा संबंध आहे. ते १९३८ सालीं चित्रपटांच्या कथा लिहिण्यासाठीं मुंबईस आले, १९५२ सालीं तें काम सोडून पुण्यास राहिले, आणि शिवकालांतल्या सदाशिव नांवाच्या धाडसी मुलाच्या गोष्टीही त्यांनीं बंगाली बालकांसाठीं लिहिल्या. त्यांची ‘शैलरहस्य’ ही ब्योमकेशकथा महाबळेश्वरीं घडते. कडाक्याची थंडी, ओस पडलेलें सह्याद्रि हॉटेल, खोल दरी. आणि तेथून ब्योमकेश कलकत्त्यास अजितला पत्रें लिहितो आहे. कलकत्त्याच्या गल्ल्यांत जो पुराव्यावांचून पाऊल टाकीत नाहीं, त्याला या डोंगरावर एका अशरीरी अस्तित्वाची जाणीव होते आणि ती तो नाकारूं शकत नाहीं. सह्याद्रीनें बंगाली सत्यान्वेष्याला वांकविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुंबईला जगाच्या रहस्यवाङ्मयांत नेलें तें मात्र एका इंग्रजानें. एच. आर. एफ. कीटिंग यांनीं १९६४ सालीं इन्स्पेक्टर गणेश घोटे या मुंबईच्या पोलीस अधिकाऱ्याची पहिली कादंबरी लिहिली, तेव्हां त्यांनीं हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. तो पाहण्याचा योग पुढें सुमारें दहा वर्षांनीं आला. घोटे हा भित्रट वाटणारा, साहेबापुढें चांचरणारा, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत अवघडणारा गृहस्थ. पण शेवटीं न्याय सोडीत नाहीं. त्याच्या भोंवतालचे रस्ते पुस्तकी आहेत, हें मुंबईकराला लगेच कळेल. तरी घोटेची भीति खरी वाटते. वरिष्ठ आणि धनिक यांच्या कात्रींत सांपडलेल्या प्रामाणिक नोकराचें दुःख सर्व राजधान्यांत सारखेंच असतें. जेवढें लेखकाला अंतरीं ठाऊक होतें, तेवढेंच जिवंत झालें.

आपल्या मराठींत बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून घरोघर वाचनाची गोडी लावली. त्यांचे झुंजार, धनंजय, काळा पहाड हे एकेकाळीं पोरांच्या खेळांतले राजे होते. त्यांच्या कथांना वेग आहे, थरार आहे. मराठी जीवनाची जी खास गुप्तता, तिच्याकडे मात्र आपल्या रहस्यकथेनें अजून म्हणावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. चाळीचा विचार करा. समाईक गॅलरी, समाईक नळ, पातळ भिंती. येथें बंद खोलीचें कोडें जुळत नाहीं, कारण बंद खोलीच नाहीं. चाळींत गुन्हा झाला तर तो पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु कोणी बोलत नाहीं. भाडें, जात, नातें, उपकार अशीं अनेक कुलुपें तोंडाला असतात. अशा जागीं भिंग घेऊन डाग शोधणारा शोधक काय कामाचा? तेथें लोकांना बोलतें करणारा माणूस पाहिजे. तीच गोष्ट खेड्याची. १८६७ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत पोलीस पाटलाचे अधिकार ठरविले, आणि तें पद महाराष्ट्रांत आजही चालू आहे. ज्याला तपास करावयाचा त्याच्याच भाऊबंदकींत बांधाचा तंटा आहे, ज्याला धरावयाचें तो लग्नांत पंगतीला शेजारीं बसणारा आहे! यापेक्षां अवघड शोधक कोणत्या लेखकाला हवा?

तेव्हां यापुढें रहस्यकथा हातीं घ्याल तेव्हां दोन प्रश्न विचारून पाहा. हा शोधक दुसऱ्या गांवीं नेला तर त्याची विद्या चालेल काय? चालत असेल तर लेखकानें स्थळ नुसतें रंगविलें, वापरलें नाहीं. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: या कथेंत मुलूख माणसाचें वागणें समजावून सांगतो, कीं त्याच्यावर आरोप ठेवतो? गुन्हेगार अमक्या वस्तींतला, अमक्या डोंगरांतला म्हणूनच गुन्हेगार, असें जेथें सुचविलें असेल, तेथें पुस्तक कितीही उत्कंठेचें असलें तरी खरा तपास झालेलाच नाहीं, असें समजावें.